नऊ मिनिटं मागचं आभाळ

हवामान कार्यालयाच्या तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली होती, आणि त्या खोलीत आभाळबाई बसत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर तेवढं उरलं होतं. सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. ठरलेल्या वेळी चार जिने चढून गच्चीवर जायचं, मान वर करायची आणि आभाळात काय चाललंय ते नोंदवहीत उतरवायचं. ढग कोणत्या जातीचे, किती, केवढ्या उंचीवर, वारा कुठून. खाडाखोड चालत नसे, पान फाडणं तर दूरच.

मग गच्चीच्या मनोऱ्यावर रडार बसलं. पांढऱ्या चेंडूसारखा त्याचा घुमट लांबून दिसे. दर दहा मिनिटांनी ते आसपासच्या दोनशे किलोमीटरमधल्या पावसाचं एक रंगीत चित्र काढी. हिरवा रंग म्हणजे किरकोळ, पिवळा म्हणजे बऱ्यापैकी आणि लाल म्हणजे घरात बसा. त्याची मान दुखत नसे, त्याला जेवणाची सुट्टी लागत नसे आणि ते कुणाच्या लग्नाला रजा मागत नसे. बाईंच्या गच्चीवरच्या फेऱ्या पाचावरून दोनवर आल्या. उरलेल्या वेळाचं करायचं काय, हा प्रश्न साहेबांना पडला आणि त्यांनी तो बाईंच्याच टेबलावर आणून ठेवला.

लोक वादळाचे फोटो काढतात, कार्यालयाकडे पाठवतात आणि ते नुसते पडून राहतात, असं साहेबांचं म्हणणं पडलं. त्यातला प्रत्येक फोटो त्या वेळच्या रडारच्या चित्राशेजारी ठेवायचा. डोळ्यांना जे असं दिसतं ते यंत्राला कसं दिसतं, हे नव्याने भरती होणाऱ्यांना कळेल. एक संग्रह छापून काढू, म्हणाले.

काम ऐकायला गोड होतं. करायला बसल्यावर बाईंच्या लक्षात आलं की लोकांना वादळाचा फोटो काढता येतो, पण तो कुठून, कोणत्या दिशेला आणि किती वाजता काढला हे सांगता येत नाही. एका फोटोत अख्खं आभाळ झाकून कुणाची तरी वहिनी उभी होती आणि वादळ तिच्या कानामागून जेमतेम डोकावत होतं. एकाने ढगाला जांभळा रंग फासला होता. एकच फोटो चार जणांनी पाठवला, आणि चौघांनीही तो आपापल्या गच्चीवरून काढलेला. एका फोटोत खाली समुद्र होता. कार्यालयापासून समुद्र एक रात्र आणि अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर. बाईंनी त्या गृहस्थाला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, फोटो चांगला वाटला म्हणून पाठवला, त्यात एवढं काय?

तरी बाईंनी काम नेटाने धरलं. फोटोतली एखादी ओळखीची खूण हेरायची. पाण्याची टाकी, चिमणी, पूल, काहीही. नकाशावर फोटो काढणाऱ्याची जागा आणि ती खूण यांच्यामध्ये पेन्सिलीने रेघ मारायची, कोनमापकाने दिशा काढायची, मग ती रेघ पारदर्शक कागदावर उतरवून तो कागद रडारच्या चित्रावर ठेवायचा. सगळं बरोबर असलं की रेघेच्या टोकाशी लाल डाग नेमका येई. अंगठीत खडा बसावा तसा. अशी जोडी जुळली की बाई उठून स्वतःचा स्वतः चहा करून घेत. पहिल्या वर्षी त्यांनी एकशे बारा जोड्या जुळवल्या. फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाला कार्यालयाचं छापील कार्ड जाई. खाली दोन ओळी हाताने लिहिलेल्या आणि बाईंची सही.

दुसऱ्या वर्षी मात्र कामाला जणू दृष्ट लागली.

वादळांचा हंगाम सुरू झाला, फोटो पोत्याने आले आणि एक म्हणून जुळेना. बाई रेघ मारत, कागद ठेवत, तर लाल डाग रेघेच्या पुढे निघून गेलेला असे. फोटोत वादळ अजून टाकीच्या पलीकडे, आणि रडारच्या चित्रात ते टाकी ओलांडून गावात शिरलेलं. त्याआधीचं चित्र घेतलं की बरोबर बसे. दर वेळी एकच चित्र मागे. म्हणजे सव्वाचारचा म्हणून सांगितलेला फोटो खरा चार वाजून पाच मिनिटांचा.

याचं कारण काढणं अवघड नव्हतं. लोकांचा फोटो आधी काढून होतो, मग तो मेव्हण्याकडे जातो, मेव्हण्याकडून साडूकडे, आणि साडू तो पाठवताना आपल्या घड्याळात बघून वेळ लिहितो. शिवाय निम्मी दुनिया घड्याळ पुढे लावून जगते. बाईंच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. साहेबांनाही हे पटलं. त्यांनी सांगितलं, प्रत्येकाला कार्डावर स्पष्ट लिहा, म्हणजे पुढच्या वेळी तरी सुधारतील. बाईंनी लिहायला सुरुवात केली: ‘आपले घड्याळ सुमारे दहा मिनिटे पुढे असावे. कृपया तपासावे.’ पहिल्या महिन्यात हे वाक्य त्यांनी मऊपणे लिहिलं. चौथ्या महिन्यात ‘असावे’च्या जागी ‘आहे’ आलं. सहाव्या महिन्यात ‘कृपया’ गेलं.

घरी त्या धुसफुसत येत. नवरा शिंपी होता, दुकान घराच्या पुढच्या खोलीतच. शिलाई मशीन चालवता चालवता तो सगळं ऐकून घेई. एक दिवस बाईंनी त्याला सांगितलं की आज सतरा फोटो पाहिले आणि सतराच्या सतरा जणांची वेळ चुकलेली, लोकांना साधं घड्याळ बघता येत नाही.

“सगळ्याच गिऱ्हाइकांचे खांदे वाकडे निघाले,” तो मशीन न थांबवता म्हणाला, “तर मी आधी माझी टेप बघतो.”

बाईंना हे मुळीच आवडलं नाही. रडार म्हणजे काय शिंप्याची टेप आहे का, असं त्या तोडून बोलल्या आणि भाजी चिरायला बसल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांना मात्र त्यांनी जाता जाता विचारलं की रडारच्या वेळेत काही गडबड नसेल ना. साहेब हसले. म्हणाले, बाई, ते कोट्यवधीचं यंत्र आहे. विषय तिथेच संपला आणि खरं सांगायचं तर बाईंना हायसं वाटलं.

फोटो पाठवणाऱ्यांत एक फाटकवाला होता. गावाबाहेर रेल्वे आणि रस्ता एकमेकांना छेदतात तिथे फाटक उघडायचं आणि बंद करायचं काम तो करी. फाटकाला लागूनच दोन खोल्यांचं रेल्वेचं घर. चहूबाजूंना मोकळं माळरान, मध्ये ना झाड ना इमारत. असं आभाळ शहरात कुणाच्या वाट्याला येत नाही. त्याचे फोटो पहिल्याच वर्षापासून बाईंचे लाडके होते. प्रत्येक फोटोसोबत जागा, दिशा आणि वेळ, मिनिटासकट. पहिल्या वर्षी त्याला पाच कार्डं गेली आणि पाचही कार्डांवर ‘उत्तम जुळणी’ असं लिहिलेलं. दुसऱ्या वर्षी त्याचेही फोटो एक चित्र मागे जायला लागले. बाईंना वाईट वाटलं. माणूस वयाने ढिला पडला असेल, असं त्यांनी मनाशी धरलं आणि एकामागोमाग तीन कार्डं धाडली. तिसऱ्या कार्डावर ‘कृपया’ नव्हतं.

तीन आठवड्यांनी त्याचं पत्र आलं. वहीच्या पानावर, ठळक अक्षरात, चारच ओळी. ‘आपल्या कार्डामुळे मला फाटकावरून हलवले आहे. चौकशी चालू आहे. घर महिन्याभरात रिकामे करायचे आहे. घड्याळ बरोबर होते. आपण येऊन पाहावे.’

बाईंनी ते पत्र तीनदा वाचलं. मग पर्समध्ये ठेवलं, मग काढून चौथ्यांदा वाचलं. रविवारी सकाळी त्या बसने निघाल्या.

फाटकावर दुसरा माणूस होता. घरासमोर पोती बांधून ठेवलेली. फाटकवाला पायरीवर बसला होता. पन्नाशी उलटलेला, ताठ, दाढी केलेला, आणि रविवार असूनही गणवेशात. त्याने बाईंना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग जे झालं ते एखादा अहवाल वाचून दाखवावा तसं सांगितलं. आवाज एकदाही चढला नाही, त्यामुळे बाईंना ते ऐकणं जास्तच जड गेलं.

पहिली पाच कार्डं त्याच्या बायकोने फाटकाच्या चौकीत भिंतीवर ओळीने लावली होती. पुढची दोन तिने लावली नाहीत. तिसरं आलं तेव्हा त्याचं डोकं सटकलं. ते कार्ड त्याने स्वतः फाटकाच्या घड्याळाशेजारी टाचणीने लावलं. येत्या पगाराच्या दिवशी स्टेशनमास्तर फेरीवर येतील तेव्हा त्यांच्याकडून त्यावर लिहून घ्यायचं की घड्याळ बरोबर आहे, आणि तेच कार्ड परत पाठवायचं, असा त्याचा बेत. पण स्टेशनमास्तरांच्या आधी वरचा तपासनीस आला. एका सरकारी कार्यालयाचं छापील कार्ड, त्यावर सही, आणि मजकूर असा की या फाटकावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. घड्याळ त्या दिवशी बरोबर होतं, पण तपासनीस म्हणाला, कार्ड आल्यावर तुम्ही ते गुपचूप सरळ केलं असेल.

“बाई,” फाटकवाला म्हणाला, “माझं घड्याळ दहा मिनिटं चुकलं असतं तर मी तुम्हाला पत्र लिहायला उरलो नसतो. आणि दोन-चार गाड्याही उरल्या नसत्या. रोज सकाळी स्टेशनवरून फोन येतो, घड्याळ लावल्याशिवाय मला फाटक हातात मिळत नाही.”

बाईंनी विचारलं, फोटो काढताना वेळ कशी लिहिता? तेव्हा त्याने घराच्या दाराकडे पाहिलं.

दारात त्याची बायको उभी होती. इतका वेळ ती आतच होती. सडपातळ, केस करडे झालेले, हातात बांधाबांधीची सुतळी. फोटो तीच काढत होती. कामावर असताना फाटकवाल्याला फोनला हात लावायची परवानगी नव्हती आणि त्याने तो कधी लावलाही नव्हता. ती पायरीवर उभी राहून फोटो काढी, तो घड्याळात बघून वेळ सांगे. पत्ता त्याच्या नावाचा म्हणून कार्डं त्याच्या नावाने येत. बाई पहिलं वर्षभर जिला मनातल्या मनात शाबासकी देत होत्या, ती ही होती, आणि गेले सात महिने जिला खडसावत होत्या, तीही हीच.

“नसतं खूळ माझं,” ती म्हणाली. “माझ्या हौसेपायी ह्यांची नोकरी गेली.”

नोकरी गेली नव्हती. त्याला गोदामात कंदील आणि झेंडे मोजायला बसवलं होतं. पण अठ्ठावीस वर्षं फाटक सांभाळलेल्या माणसाला यातला फरक समजावून सांगायचं बळ बाईंना झालं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की ते शेवटचे तीन फोटो फोनमध्ये आहेत का.

बायकोने नाखुशीनेच फोन पुढे केला. तिसरा फोटो बाईंनी पूर्वी पाहिला होता, पण फक्त वरचा अर्धा. जुळवायला आभाळ लागतं, म्हणून बाई खालचा भाग कापून टाकत. आता तो पूर्ण समोर आला. मागे पश्चिमेला गुंडाळलेल्या गादीसारखा काळा ढग, क्षितिजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि खाली, बंद फाटकासमोरून जाणारं रेल्वेचं इंजिन, दिवा लागलेला. बाजूला हिरवा झेंडा धरून उभा फाटकवाला.

बाईंनी विचारलं, ही गाडी कोणती? फाटकवाल्याला आठवावं लागलंच नाही. त्या दिवशी ती गाडी बावीस मिनिटं उशिरा होती. अलीकडच्या स्टेशनातून चार सत्तावीसला सुटली, फाटकावरून चार बत्तीसला गेली, पलीकडच्या स्टेशनात चार एक्केचाळीसला पोचली. तीन ठिकाणच्या तीन वह्यांत तीन वेगळ्या माणसांनी हे लिहिलं होतं, आणि दोन्ही स्टेशनांतल्या माणसांना तर आपल्या वेळेचा ढगाशी काही संबंध आहे हे माहीतच नव्हतं.

फोटो चार बत्तीसचा होता. यात वाद घालायला जागाच नव्हती. आणि रडारच्या साडेचारच्या चित्रात हेच वादळ फाटक ओलांडून पुढे गेलेलं होतं.

परतीच्या बसमध्ये बाईंना बसायला जागा मिळाली तरी त्या उभ्याच राहिल्या. सात महिन्यांत किती कार्डं गेली ते त्यांना तोंडपाठ होतं. दोनशे सहा.

सोमवारी सकाळी गच्चीवरची नोंद आटोपून त्या सरळ रडारच्या खोलीत गेल्या. तिथे त्यांचं काम नसे. त्यांना चित्रं खाली, संगणकावर मिळत. खोलीत यंत्राची देखभाल करणारा मेकॅनिक पेपर वाचत बसला होता. भिंतीवरचं घड्याळ नऊ वाजून दोन मिनिटं दाखवत होतं, बाईंच्या मनगटावरचंही तेच. रडारच्या संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात आठ त्रेपन्न.

बाईंनी बोट दाखवलं. मेकॅनिक म्हणाला, ते मागेच असतं, नेटवर्क स्लो आहे, चित्रं उशिरा येतात, आम्ही तक्रार केली आहे.

“चित्र उशिरा येतं हे मी समजू शकते,” बाई म्हणाल्या. “पण हे यंत्राचं स्वतःचं घड्याळ आहे. ते कुठून उशिरा येतंय?”

मेकॅनिकने पेपर खाली ठेवला. मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. सात महिन्यांपूर्वी वीज पडून यंत्र बंद पडलं होतं. चालू केल्यावर त्याने वेळ विचारली, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बघून हाताने घातली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल त्या वेळी उतरत आला होता, ते नऊ मिनिटं मागे पडलं होतं. आठवड्याने सेल बदलला, भिंतीवरचं घड्याळ सुधारलं, आणि यंत्र तसंच राहिलं. त्या दिवसापासून चार एकोणतीसच्या आभाळाच्या चित्रावर चार वीसचा शिक्का पडत होता. सात महिने सगळं कार्यालय नेटवर्कच्या नावाने बोटं मोडत होतं. बाई लोकांच्या नावाने मोडत होत्या.

साहेब आले, त्यांनी पाहिलं, कपाळाचा घाम पुसला आणि मेकॅनिकला घड्याळ लावायला सांगितलं. अर्ध्या मिनिटाचं काम. मग ते बाईंना म्हणाले, “झालं दुरुस्त. आता हा विषय वाढवू नका.”

बाईंनी त्यांना फाटकवाल्याची गोष्ट सांगितली. त्याच्या चौकशीसाठी कार्यालयाचं एक पत्र हवं होतं. आमचं घड्याळ नऊ मिनिटं मागे होतं, तुमच्या माणसाचं बरोबर होतं. दोन वाक्यं.

साहेब दुष्ट नव्हते, हे बाईंनाही माहीत होतं. बाईंच्या आजारपणात त्यांनी स्वतः गाडी काढून त्यांना दवाखान्यात नेलं होतं. पण त्यांची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. असं पत्र दिलं की सात महिन्यांच्या प्रत्येक नोंदीवर वरून प्रश्न येणार, कोणी लावलं, कोणी तपासलं नाही, सही कोणाची. ते म्हणाले, मी वर विचारतो. त्यांनी विचारलं असेलही. पहिल्या आठवड्यात उत्तर आलं की मसुदा पाठवा. बाईंनी मसुदा दिला. दुसऱ्या आठवड्यात ‘चूक’ हा शब्द काढा असं आलं. बाईंनी ‘फरक’ लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात नऊ मिनिटं हा आकडा काढा असं आलं. बाईंनी विचारलं, मग पत्रात राहतं काय? चौथ्या आठवड्यात काहीच आलं नाही, आणि फाटकवाल्याने घर रिकामं करून बायकोच्या बहिणीकडे सामान हलवलं.

हे बाईंना त्याने फोनवर सांगितलं, तेही बाईंनी फोन केला म्हणून. पत्राचं काय, असं त्याने एकदाच विचारलं. प्रयत्न चालू आहेत, असं बाई म्हणाल्या आणि स्वतःच्या तोंडून साहेबांचं वाक्य ऐकून त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. घरी त्यांनी नवऱ्यावर राग काढला, कात्री जागेवर नाही म्हणून. कात्री त्यांच्याच हातात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठची नोंद करायला त्या गच्चीवर गेल्या. आभाळ स्वच्छ होतं. एवढंच लिहून परत यायचं. नोंदवहीत प्रत्येक ओळीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो, आणि त्या दिवसाचं पान थेट मुख्य कार्यालयाकडे जातं, हे त्यांना इतक्या वर्षांपासून माहीत होतं. शेऱ्यात बहुधा ‘धुके’ किंवा ‘दव’ असं लिहितात. बाईंनी बारीक अक्षरात लिहिलं: ‘सात महिने या केंद्राच्या रडारचे घड्याळ नऊ मिनिटे मागे होते. ते गेल्या महिन्यात दुरुस्त केले. या काळात फोटो पाठवणाऱ्यांच्या वेळा चुकीच्या असल्याचे मी लेखी कळवले, ते चूक होते. रेल्वे फाटकावरील घड्याळ बरोबर होते.’ खाली सही, तारीख, वेळ. मग मुंग्यांसारख्या अक्षरांनी भरलेल्या त्या रकान्याकडे एकदा पाहिलं आणि खाली येऊन वही स्कॅनरवर पालथी ठेवून ते पान धाडलं.

साहेबांचा चेहरा त्या दुपारी बघवत नव्हता. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, “मला आता तीनच महिने काढायचे होते, बाई.”

“त्यांना घर सोडावं लागलं, साहेब,” बाई म्हणाल्या.

नोंदवहीच्या पानाची शिक्क्यासह नक्कल कुणीही अर्ज करून मागू शकतं. फाटकवाल्याने अर्ज केला, बाईंनी त्याच दिवशी नक्कल दिली, आणि ती चौकशीत लागली. एवढ्यावर सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण चौकशी करणाऱ्याला आधी तिन्ही वह्या हव्या होत्या, मग त्या वह्यांच्या नकला, मग नकलांवर शिक्के. हलवल्यापासून तीन महिन्यांनी फाटकवाला पुन्हा फाटकावर आला. दोन खोल्यांचं घरही परत मिळालं, मधल्या काळात छत गळून भिंती ओल्या झालेलं. घड्याळाच्या आरोपातून तो सुटला. पण चौकीच्या भिंतीवर परवानगीशिवाय कागद लावल्याबद्दल त्याला ताकीद मिळाली आणि ती त्याच्या कागदपत्रांत कायमची चिकटली. हे सांगताना तो पहिल्यांदाच हसला. ते हसू काही बरं नव्हतं.

बाईंकडून मुख्य कार्यालयाने लेखी खुलासा मागवला. शेऱ्याच्या रकान्यात हवामानाव्यतिरिक्त मजकूर का लिहिला? बाईंनी उत्तर दिलं की वेळ चुकली तर हवामानही चुकतं, आणि फाईल बंद झाली की हरवली ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. साहेब ठरलेल्या दिवशी निवृत्त झाले, हार घेऊन घरी गेले, त्यांना कुणी काही विचारलं नाही.

ज्यांना ती कार्डं गेली होती त्या सगळ्यांना बाईंनी एक एक करून फोन केले. कार्यालयाच्या फोनवरून नव्हे, घरून, नवऱ्याच्या मशीनच्या खडखडाटात. बहुतेकांना काही आठवतच नव्हतं. एका शिक्षिकेने सांगितलं की कार्ड आलं होतं खरं, पण तिने ते न वाचताच पुस्तकात खूण म्हणून घातलं. एका म्हाताऱ्याने त्या कार्डानंतर नवीन घड्याळ घेतलं होतं आणि ते चांगलं चालतं म्हणून तो बाईंचे आभार मानत राहिला. माफी मागायला फोन करावा आणि समोरच्याला कशाबद्दल ते समजावण्यातच दहा मिनिटं जावीत, असं दिवसामागून दिवस चाललं. बाईंचं डोकं उठे.

जोड्या मात्र जुळल्या. सगळी चित्रं नऊ मिनिटांनी सरकवली आणि सात महिन्यांचे फोटो, जांभळे आणि समुद्रवाले सोडून, भराभर जागेवर जाऊन बसले. सगळ्यांत सुरेख जोडी इंजिनवाल्या फोटोची होती. काळ्या गादीची धार आणि रडारवरची लाल कड रेघेवर केसाइतकीही सुटी नव्हती. संग्रहाचं अठरावं पान बाईंनी तिच्यासाठी राखून ठेवलं. फोटो छापायला काढणाऱ्याची लेखी संमती लागते, म्हणून कागद घेऊन त्या पुन्हा फाटकावर गेल्या. या वेळी कागदावर त्यांनी बायकोचं नाव लिहिलं होतं.

फाटकवाला म्हणाला, माझी काही हरकत नाही, तिला विचारा.

ती ओल्या भिंतीला चुना लावत होती. तिने हात पुसले, कागद पूर्ण वाचला, अगदी खालची बारीक अक्षरंही, आणि परत दिला.

“तुम्ही यांच्यासाठी लिहिलंत ते मी विसरणार नाही,” ती म्हणाली. “पण माझा एकही फोटो आता कुठे नको, तो तर नकोच. यांच्या हातात झेंडा दिसतो त्यात, कुणी पुन्हा चौकशी लावेल.”

झेंडा कापून फक्त आभाळ घेता येईल, असं बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. हल्ली फोटो काढता का, असं विचारलं, तर ती म्हणाली, नाही, आणि पुन्हा ब्रश चुन्यात बुडवला. फाटक बंद व्हायची घंटा झाली. बाई पलीकडे थांबल्या, गाडी गेली, फाटक उघडलं, आणि त्या चालत बस थांब्यापर्यंत आल्या. वाटेत पश्चिमेला मोठा ढग चढत होता. बाईंनी घड्याळात पाहिलं, दिशा मनात धरली आणि त्याचा फोटो काढला नाही.

संग्रह छापून आला. अठराव्या पानावर शिक्षिकेचा फोटो आहे. बरा आहे, पण मधून विजेच्या दोन तारा गेल्या आहेत आणि कड नीट कळत नाही. न छापलेल्या फोटोंच्या यादीत प्रत्येकापुढे कारण लिहावं लागतं. फाटकाच्या आठही फोटोंपुढे बाईंनी लिहिलं, ‘आमच्या चुकीमुळे संमती नाही.’ नवे साहेब म्हणाले, तिथे ‘तांत्रिक कारण’ असं घाला, बरं दिसेल. बाई बरं म्हणाल्या, यादी घेऊन खाली आल्या, आणि आठवड्याने तीच यादी अक्षरही न बदलता सहीला पाठवली. साहेबांनी न वाचता सही केली. बाईंना याचाही रागच आला.